पावलांचा ठेका : महाविद्यालयीन वाद्यपथकांची परंपरा

महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयाची माहितीपुस्तिका उघडली की ग्रंथालय, जिमखाना, वसतिगृह, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी अशी सगळी खाती ओळीने सापडतात. वाद्यपथकाचे खाते सहसा सापडत नाही. मात्र त्याच महाविद्यालयांतली मुलेमुली गणेशोत्सवाच्या दीड-दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी कमरेला ढोल बांधून सरावाला उभी राहतात. त्यांतलीच काही प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी साइड ड्रमच्या ठेक्यावर संचलन करतात, तर काही जण युवक महोत्सवाच्या शोभायात्रेत लेझीम किंवा डफडी घेऊन विद्यापीठाच्या फाटकातून बाहेर पडतात. वय, शिस्त, गणवेश, ताल आणि चाल हे सगळे असूनही या मुलांना ‘कॉलेजचा बँड’ असे कोणी म्हणत नाही. प्रस्तुत पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

चालता चालता वाजवायचे संगीत हा या पुस्तकाचा विषय. त्यातही तरुण विद्यार्थ्यांनी, पोटापाण्यासाठी नव्हे तर हौसेने किंवा एखाद्या ध्येयापोटी वाजवलेले. नवख्या वाचकाला हे क्षेत्र पसरट वाटेल, म्हणून त्याचे तीन मुलूख आधी ओळखून घेतलेले बरे. पहिला संचलनाचा : येथे वाद्य पावलांना बांधून ठेवते आणि सगळ्यांचे डोळे मंचावर उभ्या असलेल्या मानवंदना घेणाऱ्याकडे असतात. दुसरा मैदानाचा : येथे वादक हिरवळीवर आकृत्या काढतात आणि प्रेक्षक उंच बाकांवरून त्या वाचतात. तिसरा मिरवणुकीचा : येथे वाजवणारे आणि बघणारे एकाच रस्त्यावर असतात आणि दोघांमधली दोरी कधी तुटेल ते सांगता येत नाही. जगातली बहुतेक विद्यार्थी-पथके या तीनपैकी एका मुलखात जन्मली आणि पुढे शेजारच्या मुलखात शिरली.

गोंदिया शहराजवळच्या मुर्रीसारख्या गावात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर वर्षभरात यांतले जवळजवळ सगळे पडते. पंधरा ऑगस्टला शाळेची प्रभातफेरी ड्रमच्या तालावर निघते. पोळ्याला डफडी, लग्नसराईत बँड, दुर्गाविसर्जनात धुमाल आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार हे लोकनाट्य असते. माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला हजारो गोंड भाविक जमतात आणि तेथे मांदर आणि ढोल घुमतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही राज्यांच्या सीमा याच जिल्ह्याला भिडलेल्या असल्यामुळे वाद्ये, वादक आणि चाली सहज इकडून तिकडे जातात. या विषयाचा नकाशा पुण्याऐवजी येथून काढायला घेतला तर तो थोडा वेगळा दिसतो, एवढेच येथे नमूद करायचे.

चालत्या वाद्यवृंदाची आपली जुनी परंपरा लष्करी आणि दरबारी आहे. नौबत, नगारा, कर्णा, शिंग आणि तुतारी ही वाद्ये सैन्याच्या आणि देवाच्या पालखीच्या पुढे सारख्याच मानाने चालत. युरोपीय धर्तीचा बँड आला तो पलटणींबरोबर. तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला होता, ही गोष्ट मराठी वाचकाला क्वचितच सांगितली जाते. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तेथे तयार झालेले वादक पुढे संस्थानांच्या, पोलिसांच्या आणि पलटणींच्या बँडांत पसरले. विदर्भात हे संगीत छावणीतून आले. नागपूरजवळची कामठीची छावणी १८२१ पासूनची. लष्करी बँडच्या वादकांना शिकवणारी संस्था आजही पचमढीला आहे. पचमढी आणि गोंदिया हे दोन्ही १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, हे लक्षात घेतले म्हणजे हे अंतर वाटते तितके मोठे राहत नाही.

छावणीतून हा ठेका महाविद्यालयात शिरला तो एनसीसीच्या दारातून. विद्यापीठांतली प्रशिक्षण पथके ब्रिटिश काळातच होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. तिच्या कवायतीत ‘तेज चल’चा वेग मिनिटाला १२० पावले. बेस ड्रमचा ठोका डाव्या पावलावर पडतो, साइड ड्रम मधल्या जागा भरतात, ब्यूगल सूचना देतो आणि पुढे चालणारा ड्रम मेजर हातातल्या दांड्याने सगळ्यांना वळवतो, थांबवतो. यात कलाकुसरीला वाव कमी, पण नेमकेपणाची परीक्षा कठीण. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन संचलनात पिलानीच्या बिर्ला बालिका विद्यापीठाचा मुलींचा बँड अनेक वर्षे दिसत आला आहे. ती एका शाळेने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली परंपरा आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मात्र बँड बहुधा एखाद्या उत्साही एनसीसी अधिकाऱ्याच्या जिवावर चालतो. तो शिक्षक निवृत्त झाला की ड्रम कपाटात जातात आणि त्यांची कातडी सैल पडते.

छावणीचे हेच व्याकरण महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संघटनांनी आपापल्या विचाराप्रमाणे उचलले. १९२५ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने आपल्या घोषात ब्यूगलला शंख, साइड ड्रमला आनक आणि बेस ड्रमला पणव म्हटले आणि इंग्रजी धुनांच्या जागी रागांवर आधारलेल्या रचना बसवल्या. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाने संचलनाला लेझीम, समूहगीत आणि कलापथकाची जोड दिली. आंबेडकरी चळवळीतल्या समता सैनिक दलाचे गणवेशातले संचलन आजही नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी पाहायला मिळते. एकमेकांशी वाद घालणाऱ्या तीन विचारधारा, आणि तिघींनाही रांगेत चालणारे तरुण हवे होते. तिघींनी आपले तरुण बऱ्याच अंशी शाळा-महाविद्यालयांतून घेतले. त्याही आधी टिळकांच्या काळात गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी विद्यार्थ्यांना एकसारखे कपडे घालून, निशाणे घेऊन, गात गात रस्त्यावर आणले होते. त्या मेळ्यांवर इंग्रज सरकारची बारीक नजर असे.

व्यायामशाळा हा आणखी एक झरा. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये ऑलिम्पिकच्या निमित्ताने बर्लिनला जाऊन देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. लेझीम ही याच घराण्यातली : एकाच वेळी व्यायाम, वाद्य आणि कवायत. हलगी आणि ढोलाच्या तालावर शंभर मुले एका झटक्यात वाकतात तेव्हा अमेरिकी मैदानावरच्या बँडचे काम येथे गावच्या शाळेने केव्हाच करून ठेवले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

त्या अमेरिकी बँडकडे वळायलाच हवे, कारण ‘महाविद्यालयीन मार्चिंग बँड’ म्हटले की जगाच्या डोळ्यांसमोर तेच उभे राहतात. तेथे बँड हे विद्यापीठाचे अधिकृत खाते आहे. त्याला दिग्दर्शक असतो, अंदाजपत्रक असते, श्रेयांकही मिळतात. फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात त्याला मैदान मिळते आणि त्या काही मिनिटांसाठी तो वर्षभर राबतो. १९०७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने मैदानावर उभे राहून ‘पी’ हे अक्षर काढले आणि चालता बँड चित्र काढू शकतो हे लोकांना कळले. ओहायो स्टेटने १९३६ पासून राज्याचे नाव मोडी लिहिल्यासारखे सलग वळणांत लिहायला सुरुवात केली. शेवटी एक सुसाफोनवादक ‘आय’वरचा ठिपका होऊन उभा राहतो, आणि तो मान मिळवण्यासाठी वादक वर्षानुवर्षे वाट पाहतात. टेक्सास ए अँड एमचा १८९४ पासूनचा बँड आजही लष्करी शिस्तीतच चालतो.

या एकाच देशात घराणी किती वेगळी! कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांनी गुडघे उंच उचलणारी, नाचणारी, लोकप्रिय गाणी पितळी वाद्यांवर पेलणारी शैली घडवली. फ्लोरिडा ए अँड एमच्या ‘मार्चिंग हंड्रेड’ची उभारणी विल्यम फॉस्टर यांनी १९४६ पासून केली, आणि १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला हा बँड पॅरिसच्या रस्त्यावर चालला. गोऱ्या विद्यापीठांचे दरवाजे बंद असताना ज्यांनी आपले मैदान स्वतः निर्माण केले, त्यांच्या पावलात तो उंच गुडघा आला. दुसऱ्या टोकाला ‘ड्रम कोअर’ची शैली आहे. १९७२ मध्ये त्यांच्या स्पर्धांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. या शैलीत पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत असे घरंगळते की वरचे शरीर हलत नाही आणि सूर थरथरत नाही. तिसरी तऱ्हा खोडकर. स्टॅनफर्ड आणि पूर्वेकडच्या काही जुन्या विद्यापीठांचे बँड रांगा मोडून पळतात, टिंगल करतात. १९८२ मध्ये स्टॅनफर्डचा बँड सामना संपला असे समजून मैदानात शिरला, आणि कॅलिफोर्नियाच्या खेळाडूने त्याच गर्दीतून धावत जाऊन सामना जिंकून दिला. या इतिहासाला काळी बाजूही आहे. नवख्यांना छळण्याच्या प्रथेत २०११ मध्ये ‘मार्चिंग हंड्रेड’च्या एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि बँड काही काळ बंद ठेवावा लागला.

आता पुणे. विसर्जन मिरवणुकीत पूर्वी मुळशी-मावळकडची गावोगावची ढोल-लेझीम पथके येत. शहरातल्या शिकलेल्या घरांतली मुले ती रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहत. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने आपले विद्यार्थी ढोल, ताशा आणि बरची घेऊन मिरवणुकीत उतरवले. नंतर रमणबाग आणि विमलाबाई गरवारे या शाळांची पथके आली. येथे एक रचना घडली जी आज महाराष्ट्रभर दिसते : पुढे ध्वज, मग ताशांची फळी, मागे ढोलांच्या रांगा, मध्ये टोल आणि झांजा. ताशाची तर्री सुरू झाली की ढोल वाट पाहतात. ताशाने हात बदलला की एका हाताची थाप आणि दुसऱ्या हातातले टिपरू दोन्ही एकदम नव्या चालीत पडायला हवेत. शाळा सुटली तरी मुलांचे पथक सुटले नाही. माजी विद्यार्थ्यांनी, मग महाविद्यालयीन मित्रांनी स्वतंत्र पथके काढली. सराव नदीपात्रात, वाद्यपूजन आषाढ-श्रावणात, सुपारीच्या पैशातून ढोलांची पाने आणि दोऱ्या, उरले तर एखादे सामाजिक काम, असा त्यांचा संसार. अमेरिकी बँडचा दिग्दर्शक पगारी असतो. येथला पथकप्रमुख बहुधा दिवसा नोकरी करणारा किंवा शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा असतो. परदेशातल्या मराठी मंडळांनी हीच रचना उचलली आणि लंडनपासून अमेरिकेपर्यंतच्या गणेशोत्सवांत ती आता ऐकू येते.

याच ठिकाणी या पुस्तकाचा मूळ प्रश्न उभा राहतो. पुण्यातल्या मुलांनी हौसेने हाती घेतलेली ही वाद्ये कोणाच्या हातातून आली? ताशा मोहरमच्या ताबुतांपुढे वाजत आला. गिरमिटियांबरोबर तोच ताशा समुद्र ओलांडून त्रिनिदादला गेला आणि तेथल्या मोहरमच्या मिरवणुकीत रुजला. हलगी, डफडे, सनई ही गावगाड्यात मांग, महार आणि इतर जातींवर लादलेली कामे होती. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायचे ते वाजवण्यापुरते. देवळाच्या पायरीशी थांबायचे. म्हणूनच विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने गावकीची ही वाद्ये खाली ठेवायला सांगितले, आणि अनेक घरांनी ती ठेवली. समता सैनिक दलाच्या संचलनात गावच्या डफड्याऐवजी लष्करी धर्तीची शिस्त आणि गणवेश का दिसतो, त्याचे उत्तर या इतिहासात आहे. एका समाजाने मानासाठी जे वाद्य टाकले, तेच दुसऱ्या समाजातल्या तरुणांनी अभिमानाने उचलले. ही दोन्ही पावले एकाच शतकातली. ढोल-ताशा पथकांचे कौतुक करणाऱ्या लेखनात पहिले पाऊल बहुधा गाळलेले असते.

विदर्भात हा धागा अजून उसवलेला नाही, कारण येथे व्यावसायिक वादक आणि विद्यार्थी एकाच रस्त्यावर भेटतात. नागपूरच्या ताजाबादच्या उरुसातला संदल ज्या वादकांच्या बळावर निघतो, त्याच धाटणीची संदल पथके गणपती आणि दुर्गाविसर्जनातही वाजतात. नागपूरच्या मारबत मिरवणुकीत ढोल-ताशांमागे नाचणाऱ्यांत महाविद्यालयीन मुले मोठ्या संख्येने असतात. गोंदिया, भंडारा, बालाघाट, दुर्ग या पट्ट्यात धुमालने बाजी मारली आहे : गाडीवर रचलेले भोंगे, कीबोर्ड, पॅड आणि सोबत ढोल-ताशे. गेल्या काही वर्षांत पुणेरी धाटणीची पथकेही पूर्व विदर्भात पोहोचली, आणि त्यांच्यासोबत फेटे, भगवे ध्वज आणि पुण्याचे हात आले. झाडीपट्टीची दंडार, गोवाऱ्यांच्या गायगोधनातली डफडी, गोंडांचा रेला यांतला एकही ताल या नव्या पथकांच्या यादीत सहसा दिसत नाही. ही चुकामूक टाळता येण्यासारखी आहे आणि ती कशी टाळावी याचा विचार लेखकाने केला आहे.

मुलींचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. अमेरिकेत मिशिगन, ओहायो स्टेट यांसारख्या मोठ्या बँडांत मुलींना प्रवेश मिळायला १९७२-७३ उजाडले, आणि टेक्सास ए अँड एमने १९८५ पर्यंत वाट पाहिली. महाराष्ट्रात ढोल ही पुरुषी ताकदीची गोष्ट मानली जाई. ज्ञान प्रबोधिनीने मुलींचे पथक रस्त्यावर आणले तेव्हा तो सांस्कृतिक प्रयोग होता. आज पथकात मुली नसल्या तर ते लोकांच्या डोळ्यांत भरते. रात्री उशिरापर्यंत शहराच्या मध्यवस्तीत वाजवणे, खांदे-कंबर भरून येणे, घरी परवानगी मागणे, आणि मग एक दिवस परवानगी मागणे बंद होणे, हा बदल कोणत्याही ठरावाने झाला नाही.

हा विषय आत्ताच हाती घेण्याची कारणे आहेत. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. ढोलांची एक रांग ती सहज ओलांडते. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यात एका पथकातल्या वादकांची संख्या ३० वर आणली, आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. रस्ता कोणाचा, कानांचे रक्षण कोणी करायचे, सणाच्या नावाखाली किती सूट द्यायची, हे प्रश्न स्थगितीने सुटत नाहीत. तिकडे नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक मिळू लागले आहेत आणि एनसीसी, कला, क्रीडा ही खाती पदवीच्या हिशेबात आली आहेत. वाद्यपथक या हिशेबात बसू शकते. ते बसवायचे तर कोणाला शिक्षक मानायचे, सुपारीवर वाजवणाऱ्या संदलच्या उस्तादाला महाविद्यालयाच्या मैदानावर मानधन देऊन बोलवायचे का, हे आधी ठरवावे लागेल.

पुस्तकाचा आवाका यावरून ध्यानात यावा. लेखकाने विद्यार्थी-पथकांची गौरवगाथा लिहिलेली नाही आणि गोंगाटाविरुद्धचे फिर्यादपत्रही लिहिलेले नाही. संचलन, मैदान आणि मिरवणूक हे तीन मुलूख एकमेकांशेजारी ठेवून प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारले आहेत : कोण वाजवते, कोणासाठी वाजवते, शिकवते कोण, पैसा कोठून येतो, आणि रांगेबाहेर कोण उभे आहे. त्यामुळे एनसीसीचा ड्रम मेजर, फ्लोरिडाचा उंच गुडघा, रमणबागेचा ताशा आणि गोंदियाचा धुमाल एका पुस्तकात येऊ शकले. तालांचे लेखन साध्या बोलांत केले आहे, जेणेकरून स्वरलिपी न येणाऱ्या मुलालाही ते मांडीवर वाजवून पाहता येतील. वाद्यांची दुरुस्ती, कातड्याची आणि फायबरची पाने, कानात घालायचे बोळे यांसारख्या गोष्टींना जागा दिली आहे, कारण पथक चालवणाऱ्यांना सिद्धांताआधी त्यांची गरज पडते.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. केरळचे मेळम्‌, ईशान्येकडच्या मिशनरी शाळांचे बँड आणि पंजाबच्या पाइप बँडांचा इतिहास यांचा येथे उल्लेखच आहे. त्यांना स्वतंत्र पुस्तके लागतील. गोंड, गोवारी आणि झाडीपट्टीच्या तालांचा विभाग तुलनेने लहान आहे. तो वाढवण्याचे काम पूर्व विदर्भातल्या महाविद्यालयांतल्या संगीत आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, अशी लेखकाची अपेक्षा आहे, आणि त्यासाठी मुलाखती कशा घ्याव्यात, ध्वनिमुद्रण कसे करावे याचे टिपण परिशिष्टात जोडले आहे.

मुर्री, जि. गोंदिया